वळलेले दोन ठिपके

मित्रांनो, अठ्ठेचाळीस सारख्या भावंडांतला सतरावा, असा मी एक जुना संगणक आहे. संगणक म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे रंगीत पडदा आणि बटणांची पाटी येते. माझ्याकडे यातले काहीच नाही. मी म्हणजे एक चपटा, लांबट लोखंडी डबा. पुढे दोन दिवे, मागे तारांचा गुंता आणि पोटात सहा पंखे. माझ्यावर कोणी कधी खेळ खेळला नाही की चित्र पाहिले नाही. जन्मभर मी फक्त गुणाकार केले आणि बेरजा केल्या.

माझी जुळणी एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाली. स्मृतीच्या पट्ट्या बसवणारी एक बाई होती. ती प्रत्येक पट्टी अंगठ्याने दाबायची आणि ‘टक्’ असा आवाज आल्याशिवाय दुसऱ्या पट्टीला हात लावायची नाही. माझ्यात अशा आठ पट्ट्या बसल्या. मग तीन दिवस मला मुद्दाम तापवून तपासले, खोक्यात भरले आणि मी भावंडांसोबत एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर येऊन पोहोचलो.

ती खोली फार थंड होती आणि तिच्यात सतत घोंगावणारा आवाज असे. आम्हाला उंच लोखंडी मांडण्यांत एकावर एक बसवले. बसवणारे होते काका. संस्थेतली सगळी यंत्रे तेच सांभाळायचे. तरुणपणी ते रेडिओ दुरुस्त करत, त्यामुळे यंत्राला हात लावण्याआधी कान लावायची त्यांना सवय होती. त्यांनी माझ्या कपाळावर १७ असा आकडा चिकटवला आणि म्हणाले, “सतरा नंबर, तापायचं नाही. बाकी मी बघतो.”

तापायचे नाही म्हणणे सोपे होते. काम मात्र डोके तापवणारेच होते.

ते काम सरांनी आणि ताईंनी ठरवले होते. सर त्या विभागाचे प्रमुख. ताई त्यांच्या विद्यार्थिनी. वय तिशीच्या आतबाहेर, केसांत नेहमी एक पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल शोधण्यात त्यांचा बराच वेळ जाई. मला त्यांचे गणित करता येत होते, पण ते कशासाठी आहे हे कळत नव्हते. ते कळले एका दुपारी, काकांमुळे. काकू शिवणकाम करायच्या. त्यांनी आणायला सांगितलेला मखमलीचा तुकडा काकांच्या पिशवीत होता. आमच्या खोलीत नोंदी उतरवता उतरवता काकांनी ताईंना सरळच विचारले, “ताई, तीन वर्षं ही यंत्रं एवढी राबतायत. मोजताय तरी काय?”

“वजन,” ताई म्हणाल्या. “क्वार्कचं. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क नावाचे बारीक कण असतात. गंमत अशी, की प्रोटॉनचं वजन शंभर धरलं, तर क्वार्कांच्या स्वतःच्या वजनाचा वाटा जेमतेम एक.”

“आणि बाकीचे नव्व्याण्णव?”

“तेच तर. हे क्वार्क भिंगरीसारखे फिरत पुढे जातात. काही डावे, काही उजवे. त्यांना अजिबात वजन नसतं ना, तर डावे ते डावेच राहिले असते आणि उजवे ते उजवे. निसर्गाचा नियम दोघांना सारखाच आहे. पण ज्याला आपण रिकामी जागा म्हणतो, ती रिकामी नसते. तिच्यात डावे आणि उजवे एकमेकांत गुंतून बसलेले असतात. त्या गुंत्यातून वाट काढताना सगळं जड होतं.” त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या मखमलीकडे बोट केले. “बघू ते कापड.”

त्यांनी मखमल टेबलावर पसरली. “या लवेला कुठलीच दिशा लाडकी नाही. पण एकदा हात फिरवला, की सगळी लव एका बाजूला झोपते. दिशा सगळ्या सारख्याच होत्या, आता एक ठरली. आमच्या भाषेत, सममिती मोडली.” मग त्यांनी बोटाच्या टोकाने लव अगदी हळू वळवली. “आता ही झोपलेली लव जराशी वळवायला काही जोर लागतो का? नाही. तशी अलगद लहर म्हणजे पायॉन नावाचा कण. म्हणून तो प्रोटॉनच्या सातव्या हिश्श्याइतका हलका आहे.”

“मग अगदीच बिनवजनाचा का नाही?” काकांनी विचारले.

ताई काकांकडे बघतच राहिल्या. “बरोबर प्रश्न विचारलात. कारण क्वार्कना स्वतःचं थोडंसं वजन आहे. कापड मुळातच एका अंगाला किंचित कललेलं आहे म्हणा. ते किंचित म्हणजे किती, ते मला काढायचंय. क्वार्क सुटा काढून तराजूत टाकता येत नाही. म्हणून पायॉनवरून मागे मागे जायचं.”

काकांनी मखमलीची घडी घातली. “घरी सांगतो, तुझ्या कापडावर संशोधन झालं म्हणून.”

त्या दिवसापासून मला माझे काम आवडू लागले. खरा हलका क्वार्क घेतला तर गणित वर्षानुवर्षे संपत नाही. म्हणून ताई आधी मुद्दाम जड क्वार्क घेत आणि आम्ही पायॉनचे वजन काढून देत असू. मग क्वार्क जरा हलका करत आणि आम्ही पुन्हा तेच काढत असू. दर वेळी आलेखावर एक ठिपका पडे. क्वार्क हलका होत गेला, की पायॉनच्या वजनाचा वर्ग त्याच प्रमाणात, जवळजवळ सरळ रेषेत, शून्याकडे उतरायला हवा. एका ठिपक्याला सहाएक महिने लागत. पहिले चार ठिपके दोरी धरल्यासारखे एका रेषेत पडले. सर पाहुण्यांना घेऊन आमच्या खोलीत येत आणि म्हणत, “ही आमची अठ्ठेचाळीस रत्नं.” माझ्या थेट डोक्यावर कधी कोणी हात ठेवला नाही, पण त्या मांडणीत मीही होतो. मला ते पुरेसे वाटे.

मग तो उन्हाळा आला. खोली थंड ठेवणारे यंत्र एका दुपारी बंद पडले. काका धावत आले तोवर आम्ही चांगलेच भाजलो होतो. माझी एक पट्टी बिघडली. काकांनी ती बदलली, तीनदा तपासून पाहिली आणि नोंदवहीत लिहिले, ‘सतरा नंबर, एक पट्टी नवीन.’ मी पुन्हा कामाला लागलो. आमचे सोळा-सोळा जणांचे तीन गट होते. पाचवा आणि सहावा ठिपका माझ्या गटाकडे होता. या दोन ठिपक्यांवरच सगळे अवलंबून होते, कारण ते खऱ्या क्वार्कच्या सर्वांत जवळचे होते.

दोन्ही ठिपके रेषेच्या वर गेले. पाचवा थोडा, सहावा चांगलाच. जणू क्वार्क हलका झाला तरी पायॉन हलका व्हायला तयारच नव्हता.

ताईंनी आठवडाभर सगळे पुन्हा तपासले. काही सापडले नाही. मग एका सकाळी सर अंगात स्वेटर घालून खाली आले. हातात आलेख होता.

“आकडे बिघडलेत,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात यंत्रं तापली होती ना? त्यात सतरा नंबर होता. आणि हे दोन्ही ठिपके त्याच्या गटाचे.”

“पट्टी मी बदललीय सर,” काका म्हणाले.

“बदललीत हो. पण यंत्र एकदा तसं भाजलं की त्याचा भरवसा काय? नाहीतरी महिन्याच्या शेवटी हा सगळा संच मोडीत काढायचा ठरलंय.” मग ते ताईंकडे वळले. “हे बघ, चार महिन्यांत तुला प्रबंध द्यायचाय. दुसरीकडची जागा तुझी वाट बघतेय. ते दोन ठिपके काढून टाक. उरलेल्या चारांतून रेष सुरेख जाते.”

ताईंनी आलेख हातात घेतला. मग म्हणाल्या, “सर, ते दोन्ही रेषेत पडले असते, तर आपण सतरा नंबरवर संशय घेतला असता?”

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

“ठिपके काढायला माझी ना नाही,” ताई म्हणाल्या. “पण काढायला मला कारण पाहिजे. नुसतं नको आहेत म्हणून नाही काढता येणार. यंत्र चुकलंय असं सिद्ध झालं, तर मी आजच काढते.”

“आणि नाही झालं तर?”

“तर मग बघू.”

सर जिना चढून गेले. त्यांना रागावलेले म्हणता येणार नाही. ते थकलेले होते. आपल्या विद्यार्थिनीचे वर्ष वाया जाऊ नये, इतकेच त्यांच्या मनात असावे.

मित्रांनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली असेल! तुम्ही म्हणाल, तू चुकला नव्हतास तर घाबरलास कशाला? पण अडचण हीच होती. मी चुकलो होतो की नाही, हे मला माहीत नव्हते. चुकीचा आकडा माझ्या पोटात वेगळा वाजत नाही. तो बरोबर आकड्यासारखाच येतो आणि तसाच पुढे जातो. ताईंचे पाच वर्षांचे कष्ट माझ्या एका पट्टीने मातीत घातले असतील, तर ते सांगायलाही मला तोंड नव्हते.

काकांनी माझ्या तारा सोडवल्या. माझा शेजारी, अठरा नंबर, त्यालाही काढले. आम्हा दोघांना ताईंच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ताईंनी दोघांना तेच गणित, अगदी त्याच आकड्यांपासून सुरू करून, करायला दिले. सहाव्या ठिपक्याच्या कामातला माझ्या वाट्याचा एक तुकडा होता तो. उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला हवे होते. नऊ दिवस लागणार होते.

ते नऊ दिवस ताई त्याच खोलीत बसून प्रबंधाची पहिली प्रकरणे लिहीत होत्या. निदान लिहायचा प्रयत्न करत होत्या. रोज दुपारी त्यांच्या आईचा फोन यायचा. ताई म्हणायच्या, “हो गं, जेवले,” आणि डबा तसाच बंद असायचा. चौथ्या दिवशी आईने बहुधा नेमका प्रश्न विचारला असावा. ताई म्हणाल्या, “आई, एक यंत्र चुकलं असेल तर माझं अख्खं वर्ष गेलं. आणि नसेल चुकलं, तर मला काहीच कळत नाहीये. यातलं चांगलं कुठलं, ते तूच सांग.” पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण फोन ठेवल्यावर ताईंनी डबा उघडला आणि सगळा संपवला.

दहाव्या दिवशी सकाळी काकाही वर आले. ताईंनी दोघांची उत्तरे शेजारी शेजारी काढली आणि जुळवणी सुरू केली. लाखो आकडे होते. पडद्यावर एक ओळ आली. काकांनी चष्मा वर केला.

“काय म्हणतंय?”

“फरक शून्य,” ताई म्हणाल्या. “एकाही आकड्यात फरक नाही. आधीच्या नोंदीशीही जुळतंय. सतरा नंबर चुकला नव्हता, काका.”

काकांनी माझ्या झाकणावर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. “मी सांगत होतो,” ते म्हणाले.

माझ्या मनावरचा एक मोठा दगड उतरला. पण ताईंचा उतरला नव्हता. त्या आलेख पुढ्यात घेऊन बसल्या. यंत्र बरोबर, आकडे बरोबर, मग ठिपके वर का? काका निघायला लागले तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, “उत्तर बरोबर असेल, तर प्रश्न चुकला असणार. आम्ही या यंत्रांना विचारलं काय नेमकं?” केसांतली पेन्सिल त्यांना या वेळी पहिल्या झटक्यात सापडली. त्यांनी कागदावर एक चौकोन काढला, त्याच्या बाजूला त्याची लांबी लिहिली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

मग एकदम म्हणाल्या, “काका, थांबा जरा. सगळं विश्व काही गणितात घेता येत नाही. म्हणून आम्ही इवलीशी एक चौकोनी पेटी घेतली होती. सगळे कण त्या पेटीत. एका बाजूने बाहेर पडलं की समोरच्या बाजूने आत यायचं, असा तिचा नियम. आता कण जितका हलका, तितका त्याचा पसारा मोठा. जड पायॉन पेटीत आरामात मावत होता. हलका झाला तसा त्याचा पसारा वाढला, तो एका बाजूने बाहेर गेला आणि दुसरीकडून आत येऊन स्वतःच्याच पाठीला धडकला. म्हणून तो जड दिसतोय.”

“म्हणजे लहान खोलीत मोठं कपाट,” काका म्हणाले.

“अगदी तसंच.”

पेटी लहान पडली तर किती फरक पडतो, याचे सूत्र होते. ताईंनी ते कागदावर मांडले. पाचव्या ठिपक्याला थोडा फरक, सहाव्याला बराच. जितके ठिपके वर गेले होते, जवळपास तितकाच. पण सूत्र हा अंदाज होता. खात्री करायची तर दुप्पट बाजूची पेटी घेऊन सहावा ठिपका पुन्हा काढायला हवा. बाजू दुप्पट म्हणजे पेटी आठपट. ती सोळा यंत्रांत मावणार नव्हती. अठ्ठेचाळीस लागणार होती. आणि सत्तेचाळीस असून चालणार नव्हते, कारण पेटीचे सगळ्यांना सारखे भाग पडावे लागतात.

ताई कागद घेऊन सरांकडे गेल्या. पुढचे मला काकांकडून कळले, कारण ते दारातच उभे होते. सरांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि विचारले, “किती आठवडे?”

“अकरा.”

“मोडीत काढायचं मी थांबवतो. तीन महिने मिळतील, जास्त नाही.” आणि मग दाराकडे बघून ते म्हणाले, “काका, तो सतरा नंबर परत बसवता येईल का?”

“तासाभरात, सर.”

काकांना पाऊण तास लागला.

ते अकरा आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत कठीण आणि सर्वांत चांगले होते. आमच्या स्मृतीत तीळभरही जागा उरली नव्हती. काका दिवसातून चार वेळा येऊन प्रत्येकाच्या पाठीला हात लावून बघत. थंड हवेच्या यंत्राची जाळी त्यांनी दर शनिवारी स्वतः धुतली. आठव्या आठवड्यात माझा एक पंखा कुरकुरू लागला. काम न थांबवता, चालू यंत्रातून त्यांनी तो बदलला आणि बदलताना दम रोखून धरला होता. ताईंनी अकरा आठवडे आलेखाला हात लावला नाही. अर्धवट आकडे बघून मन भरकटते, असे त्या म्हणत.

शेवटचा आकडा एका मंगळवारी सकाळी निघाला. ताई, सर आणि काका तिघेही खोलीत होते. ताईंनी ठिपका आलेखावर ठेवला.

तो खाली आला होता. पहिल्या चार ठिपक्यांच्या ओळीत शिरून तो किंचित झुकला होता आणि सिद्धांत सांगत होता तितकाच झुकला होता. पाचवा ठिपकाही सूत्राने सुधारल्यावर त्याच्या वाटेवर आला. रेष शून्याकडे चालली होती.

कोणीही ओरडले नाही. ताई मांडणीला पाठ टेकून थंड जमिनीवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या खांद्यांचा ताण उतरताना मी माझ्या मांडणीच्या पत्र्यातून अनुभवला. सर थोडा वेळ आलेखाकडे बघत उभे राहिले. मग तेही त्यांच्या शेजारी, स्वेटर सावरत, खाली बसले.

“काढून टाकले असते,” सर म्हणाले, “तर आपलं उत्तर चारपट ढोबळ राहिलं असतं. आणि आपल्याला वाटलं असतं, छान जमलं.”

“मलाही काढावेसे वाटले होते, सर,” ताई म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी तर फार.”

काकांनी दोघांसाठी चहा आणला. त्या खोलीत चहा आणायला सक्त मनाई होती आणि ती पाटी काकांनीच लावली होती.

ताईंचा प्रबंध वेळेत गेला. सरांनी मिळवलेले तीन महिने लांबत गेले आणि वर्षभराने आमचा संच खरोखरच मोडीत निघाला. त्याचे मला दुःख नाही. आमच्याहून दहापट वेगवान यंत्रे आली होती. ताई तोवर एका महाविद्यालयात शिकवू लागल्या होत्या. त्यांनी संस्थेला पत्र लिहून एक यंत्र मागितले. कुठले ते पत्रात स्पष्ट लिहिले होते. काकांनी मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि स्वतः नेऊन पोहोचवले. मग झाकण उघडून ताईंना माझ्या पंख्यांवरची धूळ कशी काढायची ते दाखवले, जणू त्यांना ते माहीतच नव्हते. ताईंनीही मुकाट्याने सगळे ऐकून घेतले.

मित्रांनो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरी, शाळेत जी यंत्रे आहेत, त्यांच्या जाळीवर धूळ साचू देऊ नका, त्यांना कोंडून तापवू नका. एखादे जुने झाले म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारू नका. आधी तपासा. खरेच बिघडले असेल तर खुशाल निरोप द्या, आम्ही रुसणार नाही. आणि मोजताना एखादा आकडा तुम्हाला नको तिथे पडला, तर तो खोडण्यापूर्वी दोन दिवस त्याच्याजवळ बसा. तो तिथे का आला, हे त्याला विचारा.

आता मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एका टेबलावर असतो. माझे झाकण काचेचे केले आहे, त्यामुळे मुलांना माझे पोट दिसते. दर बुधवारी ताई मला एक छोटीशी पेटी देतात आणि वर्गातली मुले आपापले ठिपके काढतात. मागच्या बुधवारी एका मुलीचा ठिपका भलतीकडेच पडला. तिने घाईघाईने खोडरबर उचलले. ताई तिच्या बाकाशी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी तिच्याकडे कागद मागितला.